मुंबईतल्या ब्रिटिशकालीन इमारतीला नवा वापर देताना: तयारी, कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

इमारत ताब्यात आली की लगेच आतली सजावट ठरते, महिन्याभरात गिलावा खरवडला जातो आणि दुसऱ्या पावसाळ्यात नव्याकोऱ्या पीओपीवर पिवळे डाग उमटतात. फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, भायखळा, गिरगाव इथल्या जुन्या इमारतींमध्ये कार्यालय, उपाहारगृह, कलादालन किंवा वाचनालय थाटताना हे सर्रास घडतं. कारागीर वाईट असतात म्हणून काम बिघडतं असं फार क्वचित होतं. बिघडतं ते क्रमामुळे. वापर आधी ठरतो, इमारत नंतर तपासली जाते आणि मग इमारतीला त्या वापरात कोंबलं जातं.

खाली दिलेला क्रम दगडी किंवा विटांच्या भारवाहक भिंती, सागवानी तुळया किंवा लोखंडी गर्डरांचे मजले आणि मंगलोरी कौलांचं छप्पर असलेल्या इमारतींसाठी आहे. साधारण १८६० ते १९३० मधली बहुतेक बांधकामं यात बसतात. मरीन ड्राइव्ह, ओव्हल भागातल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती आरसीसीच्या, म्हणजे लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या आहेत. त्यांचे आजार वेगळे, उपचारही वेगळे. हा लेख त्यांना लावू नये.

## टप्पा १: कागद आणि दर्जा

इमारत वारसा यादीत आहे का आणि कोणत्या दर्जात आहे, हे महापालिकेच्या यादीत स्वतः पाहा. दलालाच्या किंवा जुन्या मालकाच्या सांगण्यावर जाऊ नका. मुंबईची वारसा नियमावली १९९५ पासून लागू आहे. आज ती विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ च्या कलम ५२ मध्ये आहे. दर्जाचा अर्थ थोडक्यात असा:

- दर्जा १: आतून-बाहेरून हात लावायचा नाही. इमारत टिकवण्यासाठी आणि बळकट करण्यासाठी जे अटळ आहे तेवढंच.
- दर्जा २ अ: आतले बदल आणि नवा वापर साधारणपणे मान्य होतो. बाहेरच्या प्रत्येक बदलाची छाननी होते.
- दर्जा २ ब: वरच्या सवलतींखेरीज त्याच भूखंडावर मूळ इमारतीशी मेळ खाणारं जोडबांधकाम काही परिस्थितीत मिळू शकतं.
- दर्जा ३: आतले-बाहेरचे बदल आणि नवा वापर साधारणपणे मान्य.

इमारत स्वतः यादीत नसली तरी ती वारसा परिसरात असू शकते. त्या परिसराचे नियम मग तिलाही लागतात. फोर्ट-ओव्हल-मरीन ड्राइव्ह पट्ट्यातला मोठा भाग २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे आणि त्याच्या भोवतीच्या संरक्षक पट्ट्यात दर्शनी बदलांकडे अधिक बारकाईने पाहिलं जातं.

दर्जासोबत चार कागद काढा: मालमत्ता पत्रक, भाडेपट्टा, भाडेकरूंची यादी आणि शेवटचा संरचनात्मक तपासणी अहवाल. बॅलार्ड इस्टेटसारख्या भागात जमीन बंदर प्राधिकरणाची असते. तिथे वापरबदलाला महापालिकेची परवानगी मिळाली तरी जमीनमालकाची संमती वेगळी लागते. शहर बेटावरची इमारत उपकरप्राप्त असेल, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी, लोक म्हणतात तशी ‘सेसची’, तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचाही संबंध येतो. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारती ‘अ’ वर्गात मोडतात.

इशारा: ‘फक्त रंगरंगोटी करतोय, परवानगी कशाला?’ हा सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज आहे. यादीतल्या इमारतीच्या दुरुस्तीला, गिलाव्याला आणि रंगकामालासुद्धा आयुक्तांची लेखी पूर्वपरवानगी लागते.

## टप्पा २: मोजणी आणि नोंद

जुने नकाशे मिळाले तरी त्यांवर विसंबू नका. प्रत्यक्ष मोजमाप घ्या. मजल्यांचे नकाशे, उभे छेद आणि दर्शनी बाजू १:५० प्रमाणात, खिडकी, कठडा, जिन्याची फळी असे बारकावे १:१० किंवा १:५ प्रमाणात. मोजताना एक गोष्ट हटकून राहते, ती म्हणजे भिंतीची जाडी प्रत्येक मजल्यावर मोजणे. तळाला ६०० मि.मी. असलेली भिंत वरच्या मजल्यावर ३५० भरते आणि त्या खाचेवरच तुळया टेकलेल्या असतात. खाच कुठे आहे हे नकाशात नसेल तर तुळईचं टोक कुठे शोधायचं हेच कळत नाही.

प्रत्येक खोलीला क्रमांक, प्रत्येक दार-खिडकीला क्रमांक. भिंत, छत आणि जमीन यांचे फोटो त्याच क्रमांकाने ठेवा. नोंदीत ‘मूळ’, ‘नंतरचं पण जपण्याजोगं’ आणि ‘नंतरचं, काढायचं’ असे तीन शिक्के पुरतात. पोटमाळे, ॲल्युमिनियमच्या खिडक्या, बाल्कनीत घेतलेल्या खोल्या तिसऱ्या रांगेत जातात. पण काढण्यापूर्वी त्यांचा आधार कशाला आहे ते पाहा. कित्येकदा खचलेली तुळई नंतरच्या लाकडी पार्टिशनवर तोललेली असते आणि पार्टिशन काढल्यावर ती दोन दिवसांत खाली येते.

## टप्पा ३: इमारत उघडून पाहणे

नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी इथे कामाची नाही. ठरावीक जागा उघडाव्याच लागतात, आणि त्यासाठीही परवानगीत उल्लेख हवा.

तुळयांची टोकं. सुरुवात नैर्ऋत्य आणि पश्चिमेच्या भिंतींपासून करा, कारण पाऊस तिकडून झोडपतो. मग मोरी-संडासाखालच्या आणि छताच्या पन्हळीखालच्या तुळया. हातोडीने ठोकून आवाज ऐका. भरीव लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द. धारदार स्क्रू-ड्रायव्हर सहज आत गेला तर टोक गेलेलं आहे. ओलावामापक २० टक्क्यांच्या वर दाखवत असेल तर बुरशी चालू आहे किंवा लवकरच चालू होईल. शंका असेल तिथे बारीक ड्रिलची रोधचाचणी करून घ्या, म्हणजे ड्रिल आत जाताना लाकूड किती विरोध करतं ते मोजून घ्या. वरून सागवान तुकतुकीत आणि आत पोकळ, असं वाळवी लागलेल्या तुळयांचं नेहमी होतं.

भिंती. प्रत्येक मजल्यावर दोन-तीन ठिकाणी ३० × ३० सें.मी. गिलावा काढून आतलं बांधकाम पाहा. पूर्वी कुणी सिमेंटचा थर चढवलाय का, ते इथेच कळतं. चुन्याच्या मसाल्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. सौम्य आम्लात चुना विरघळून वाळू मागे उरते आणि प्रमाण कळतं. वाळूत शिंपल्यांचे तुकडे असतील तर तेही विरघळतात आणि चुना होता त्यापेक्षा जास्त दिसतो. समुद्रकाठच्या शहरात ही चूक होण्याची शक्यता मोठी, म्हणून आम्लात टाकण्यापूर्वी नमुना भिंगाखाली पाहायला सांगा.

भेगा. भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवून तारीख लिहा. काच तडकली तर भेग चालू आहे. ही पाहणी निदान एक पूर्ण पावसाळा चालावी. कोरड्या दिवसांत चार आठवडे पाहून ‘भेगा स्थिर’ असा शेरा देणाऱ्या अहवालावर विश्वास ठेवू नका.

लोखंड. गर्डरच्या पोटावर कारखान्याचा ठसा असेल तर टिपून घ्या. डॉर्मन लाँगसारख्या ब्रिटिश कारखान्यांचे ठसे मुंबईत पुष्कळ इमारतींत दिसतात. ठशावरून काळ आणि छेदाचं माप शोधता येतं. खांब ओतीव लोखंडाचा आहे की घडीव, हे नक्की करा. काळा घोडा भागातल्या वॉटसन हॉटेलसारखा अख्खा लोखंडी सांगाडा क्वचितच सापडतो. व्हरांड्यातले नक्षीदार खांब मात्र बहुधा ओतीवच असतात.

## टप्पा ४: वजनाचा हिशेब, आणि मगच वापर

नवा वापर कोणता, हा प्रश्न खरं तर इथे विचारायचा. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात वापरानुसार मजल्यावर धरायचं वजन दिलं आहे. दर चौरस मीटरला, किलोमध्ये ढोबळ आकडे:

- घर: २००
- कार्यालय, कागदपत्रांची कोठी वेगळी असेल तर: २५०, वेगळी नसेल तर: ४००
- उपाहारगृह: ४००
- न बांधलेल्या खुर्च्यांचं सभागृह: ५००
- पुस्तकांच्या मांडण्या, २.२ मीटर उंचीपर्यंत: ६००, त्यावर दर मीटर उंचीला आणखी २००

सहा बाय चार मीटरची एक खोली घ्या, म्हणजे २४ चौरस मीटर. घर म्हणून तिथे ४.८ टन धरायचे. त्याच खोलीत ग्रंथालयाच्या मांडण्या ठेवल्या तर १४.४ टन. तुळया त्याच, भिंती त्याच. वाचनालय पहिल्या मजल्यावर हवं असा आग्रह असेल तर मांडण्या तळमजल्यावर आणि वाचनकक्ष वर, अशी विभागणी हा खरा तोडगा. तुळयांना पोलादाची जोड देत बसणं हा त्यानंतरचा उपाय.

आता दुसरी बाजू, जी फार थोडे लोक मोजतात. जुन्या मजल्यावर गेल्या शंभर वर्षांत थरावर थर चढलेले असतात: कोब्यावर सिमेंटचा थर, त्यावर मोझेक, त्यावर चकचकीत टाइल. सत्तर मि.मी.चे असे जादा थर चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास भरतात. आधी घेतलेल्या २४ चौरस मीटरच्या खोलीत तेच साडेतीन टन झाले. ते काढले की तितकी वहनक्षमता एक पैशाचं पोलाद न लावता परत मिळते. शिवाय खाली मूळ मिंटन टाइल (इंग्लंडहून आलेली रंगीत नक्षीची फरशी) किंवा शहाबादी फरशी निघण्याची शक्यता असतेच.

ताकदीइतकाच वाकही तपासा. खाली चुन्याचं किंवा प्लास्टरचं नाजूक छत असेल तर तुळईचा वाक लांबीच्या १/३६० पेक्षा जास्त नको. नसेल तर १/२४० चालतो. सहा मीटरच्या तुळईला हे अनुक्रमे १७ आणि २५ मि.मी. होतात.

तपासणी: हिशेबात कुठेही ‘लाकडी मजला काढून आरसीसी स्लॅब’ असं आलं असेल तर तिथेच थांबा. दीडशे मि.मी. जाडीची स्लॅब एकटीच चौरस मीटरला ३७५ किलो असते. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर हे वजन टाकून वर तिला ताठ पट्ट्यात जखडलं की भिंतीला हलायला वाव राहत नाही आणि स्लॅबच्या रेषेतच आडवी भेग पडते.

मजला कमजोर, पण भिंती दणकट आणि मधली पोकळी मोठी असेल, तर आत स्वतंत्र पायावर उभा राहणारा नवा सांगाडा हा पर्याय असतो. १९११ च्या सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या पोटात १९९६ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची दालनं अशीच बसवली गेली: बाहेरचं कवच जुनं, आतले मजले नवे. दर्जा १ च्या इमारतीत हा मार्ग सहसा बंद असतो.

## टप्पा ५: परवानग्यांचा क्रम

वापर ठरला, आता प्रस्ताव. वारसा संवर्धनाचा अनुभव असलेला वास्तुविशारद आणि जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला संरचना अभियंता, दोघंही प्रस्तावावर हवेत. नव्या इमारतींचा अभियंता हुशार असला तरी त्याचा हात आपोआप आरसीसीकडे वळतो.

१. जमीनमालकाची, आणि कायद्याने जिथे लागते तिथे भाडेकरूंची, लेखी संमती.
२. विकास आराखड्यात त्या भूखंडावर हा वापर चालतो का, याची खात्री.
३. अग्निशमन दलाशी प्राथमिक चर्चा. दुसरा जिना मागितला गेला तर सगळा आराखडा बदलतो. म्हणून हे वारसा समितीपूर्वी.
४. मुंबई वारसा संवर्धन समितीपुढे प्रस्ताव: मोजणीचे नकाशे, फोटो, तपासणी अहवाल, आणि ‘काय राखणार, काय काढणार, का’ असा तक्ता.
५. इमारत उपकरप्राप्त असेल तर दुरुस्ती मंडळाचं ना-हरकत.
६. महापालिकेची आयओडी (आराखड्याला अटींसह मंजुरी), मग सीसी (काम सुरू करण्याचा दाखला). काम संपल्यावर ओसी (वापराचा दाखला).

यादीतल्या इमारतीचा मालक ती जशी आहे तशी राखायला तयार असेल तर निवासी भागाचं कार्यालयात, व्यापारी जागेत किंवा हॉटेलात रूपांतर करण्याची तरतूद नियमावलीत आहे. तिला अटही जोडलेली आहे: देखभाल झाली नाही किंवा वारसामूल्य बिघडलं तर तो व्यापारी वापर काढून घेता येतो.

## टप्पा ६: आधी पाणी अडवा

मुंबईत वर्षाला सरासरी दोन हजार मि.मी.हून जास्त पाऊस पडतो, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. आतलं कुठलंही काम सुरू करण्यापूर्वी छप्पर, पन्हळी आणि उतरत्या पाइपा पक्क्या झाल्या पाहिजेत. हे काम मेअखेर संपवायचं असेल तर जानेवारीत परांची उभी राहायला हवी.

कौलं उतरवताना अखंड कौलं वेगळी रचा आणि एकाच कारखान्याच्या छापाची एकत्र ठेवा. वेगवेगळ्या छापांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत आणि गळती नेमकी त्या जोडावर होते. दोन उतरणींमधली दरी-पन्हळ सगळ्यांत धोक्याची. तिथे पत्रा अखंड आणि कौलाखाली दोन्ही बाजूंना किमान दीडशे मि.मी. आत गेलेला हवा. डांबराचा थर हा उपाय नव्हे, त्याने गळतीची जागा फक्त लपते.

खाली जमिनीकडे पाहा. बाहेरचा रस्ता अनेक डांबरीकरणांनी वर आलेला असतो आणि जोत्याचे झरोके बुजलेले असतात. ते मोकळे करा. भिंतीलगतचा सिमेंटचा ओटा फोडून पाणी बाहेर वळेल असा उतार द्या. एवढं केल्यावर तळाची ओल बरीच कमी होते, आणि ते होईपर्यंत भिंतीत रसायनं टोचून घेण्यात अर्थ नाही.

तपासणी: पन्हळीत वरच्या टोकाला बादल्यांनी पाणी ओता आणि आत माळ्यावर माणूस उभा करा. पहिल्या पावसाची वाट पाहू नका.

## टप्पा ७: सांगाडा

### लाकूड

टेकू लावताना नेहमी होणारी चूक म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या तुळईचा टेकू पहिल्या मजल्याच्या लाकडी जमिनीवर ठेवणे. वरचं वजन खालच्या कमजोर मजल्यावर उतरतं आणि दोन्ही बसतात. टेकू एकाखाली एक, ओळंब्यात, थेट तळच्या भक्कम जमिनीपर्यंत गेले पाहिजेत.

कुजलेलं टोक निरोगी लाकूड लागेपर्यंत कापा, वर आणखी दीडशे मि.मी. घ्या. जोडायचा तुकडा जुन्या सागाचाच असावा. पाडकामाच्या बाजारात तो मिळतो आणि नव्या लाकडासारखा आकसत नाही. तिरकी सांध, स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, गरजेप्रमाणे दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या. भिंतीतल्या खोबणीत तुळई सपाट दगडावर टेकवा आणि तिच्या भोवती २० ते २५ मि.मी. हवेची जागा सोडा. ही जागा सिमेंटने लिंपून टाकणारा गवंडी प्रत्येक कामावर भेटतो. त्याला ती फट कामाची कसर वाटते. लिंपलेलं टोक काही वर्षांत पुन्हा कुजतं.

### लोखंड

जॅक आर्चच्या मजल्यात गर्डरांमधल्या विटांच्या कमानी एकमेकींना रेटून उभ्या असतात. जिना किंवा लिफ्टसाठी एक गाळा तोडला की शेजारच्या गाळ्याला टेकायला काही उरत नाही आणि गर्डर आडवा सरकतो. तोडण्यापूर्वी शेजारचे दोन-तीन गाळे ताणसळ्यांनी बांधा आणि खालून टेकू द्या.

गर्डरच्या तळाच्या पट्टीवर सरळ रेषेत गिलावा सुटला असेल तर आत गंज फुगलाय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. पापुद्रे काढून उरलेली जाडी मोजा, हिशेब परत करा, मग जस्तयुक्त प्रायमर. वेल्डिंगचा मोह टाळा. जुन्या पोलादात गंधक आणि स्फुरद जास्त असू शकतं आणि वेल्ड तडकतो. रासायनिक चाचणी होईपर्यंत जोड बोल्टनेच. ओतीव लोखंडाच्या खांबाला तर वेल्डिंग नाहीच. तो पोकळ असतो आणि त्याची जाडी एका बाजूला कमी असू शकते, म्हणून चारही बाजूंनी मोजा.

## टप्पा ८: भिंती आणि चुना

जुनी भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक रंग चढला की ओल आतच अडकते, वर चढते, क्षार घेऊन येते आणि दगडाचा मुखवटा पापुद्र्यांनी सुटू लागतो. म्हणून पहिलं काम सिमेंट उतरवण्याचं. छिन्नी-हातोडीने, तिरक्या हाताने. इलेक्ट्रिक ब्रेकर लावला तर विटेचं तोंडही त्याच्यासोबत जातं.

ओलीच्या वरच्या रेषेपासून आणखी अर्धा मीटर वरपर्यंत गिलावा काढा आणि भिंत उघडी वाळू द्या. जाडीच्या दर २५ मि.मी.ला साधारण एक महिना, असा ठोकताळा आहे. म्हणजे ४५० मि.मी.च्या भिंतीला दीड वर्ष. एवढं थांबता येत नसेल तर तळाच्या मीटरभर पट्ट्याला चुन्याचा साधा, स्वस्त गिलावा करा आणि तो क्षार शोषून खराब होणार, दोन-तीन वर्षांनी बदलायचा, हे मालकाला आधीच लेखी सांगा. कायमचा गिलावा त्यानंतर.

चुन्याचं काम असं:

१. कळीचा चुना पाण्यात विझवा, चाळा आणि किमान तीन महिने पाण्याखाली मुरवा. म्हणजे चुन्याची तयारी परवानग्यांच्या काळातच सुरू करायला हवी. न विझलेला कण गिलाव्यात गेला तर महिन्यांनी फुगून फोड उठतो.
२. मसाला: मुरलेला चुना १, धुतलेली धारदार वाळू ३. ओलसर जागी चुना १, सुरखी (विटांची पूड) १, वाळू २. सुरखी कमी भाजलेल्या विटांची हवी. कडक भाजलेल्या विटेची पूड नुसती भरताड होते.
३. चुन्याच्या घाणीत, म्हणजे मसाला मळायच्या गिरणीत मळा. वरून पाणी ओतून सैल करायचा नाही, जितका मळाल तितका तो आपोआप सैल होतो.
४. सांधे भरताना जुना मसाला रुंदीच्या किमान दुप्पट खोलीपर्यंत हाताने काढा. ग्राइंडर दगडाची कड खातो आणि सांधा कायमचा रुंद दिसतो.
५. भिंत आदल्या दिवशी आणि काम सुरू करताना भिजवा.
६. थर १० ते १२ मि.मी., त्याहून जाड नाही. पुढचा थर आधीचा घट्ट झाल्यावरच, साधारण आठवड्याने.
७. निदान सात दिवस ओली गोणपाटं टांगून ठेवा. पाइपने पाण्याचा मारा नको.

गूळ, हिरडा, बेल यांचं पाणी जुन्या मसाल्यात घालत. घालायचं असेल तर आधी नमुन्याच्या चौकोनावर करून पाहा आणि प्रमाण लिहून ठेवा.

इशारा: ‘लवकर धरावं म्हणून टोपलीभर सिमेंट’ हे देखरेख नसलेल्या कामावर हमखास होतं. सिमेंटच्या गोण्या चुन्याच्या कामाजवळ ठेवूच देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी नखाने दाबून पाहा. नुसत्या चुन्यावर नखाची खूण उमटते. दगडासारखा कडक लागला तर त्यात काय घातलंय ते विचारा.

दर्शनी दगडात सहसा तीन जाती असतात: काळा बेसाल्ट, पिवळसर मालाडचा दगड आणि पांढरट पोरबंदरी चुनखडी. बेसाल्टला सोसेल ते पोरबंदरीला सोसत नाही. आम्लाने ती विरघळते, वाळूच्या माऱ्याने तिचं कोरीव काम जातं. आधी मऊ ब्रश, साधं पाणी आणि कमी दाब, तेही आडोशाच्या जागी ३० × ३० सें.मी. चौकोनावर. दगड ‘नवा’ दिसला म्हणजे जास्त खरवडला.

## टप्पा ९: नळ, वीज, वातानुकूलन, आग

संडास आणि स्वयंपाकघर सगळ्या मजल्यांवर एकाखाली एक, शक्यतो जुन्या मोरीच्याच जागी. लाकडी मजल्यावर नवी ओली जागा करावीच लागली तर खाली अखंड जलरोधक तबक, कडा किमान शंभर मि.मी. वर वळवलेल्या, आणि टाइल लावण्यापूर्वी २५ मि.मी. पाणी ४८ तास साठवून खालून पाहणी. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन. ती छताच्या कैच्यांवर, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या तिकोनी चौकटींवर, कधीही नाही.

विजेच्या पाइपा भिंतीवरून उघड्या न्या. गिलाव्यात आडवी खाच मारून भिंत कमजोर करण्यापेक्षा नीट ओळीत बसवलेली नळी केव्हाही बरी. भोक पाडायचंच असेल तर सांध्यात, दगडात नाही. दगड पुन्हा मिळत नाही, मसाला मिळतो.

एसीची बाहेरची यंत्रं मागच्या चौकात, आणि त्यांचं पाणी थेट पाइपातून गटारात. कठड्यावर टपकणारी एक नळी पोरबंदरी दगडावर एका मोसमात काळी-हिरवी पट्टी ओढते. चोवीस तास १८ अंशावर एसी चालणाऱ्या खोलीत गार भिंतीवर दमट हवेचं पाणी होतं. पावसाळ्यात तर हमखास. अशा खोलीला चुनकामच हवं.

आगीबाबत राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग आणि महाराष्ट्राचा २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा, दोन्ही लागतात. कार्यालयाला जिन्याची रुंदी दीड मीटर, सभागृहाला दोन मीटर धरली जाते. जुना लाकडी जिना क्वचितच तेवढा असतो. मूळ जिना तोडून रुंद करू नका. मागच्या चौकात नवा पोलादी जिना आणि गर्दीवर मर्यादा, यावर बहुतेक वेळा मार्ग निघतो. जाड सागवानी तुळई आगीत मिनिटाला साधारण अर्धा मि.मी. जळते, म्हणजे तासाला प्रत्येक बाजूने ३० मि.मी. इतकी. उरलेल्या छेदावर वजन पेलतं का, हे अभियंत्याकडून लिहून घ्या. खरा धोका तुळईपेक्षा खोट्या छताच्या पोकळीत असतो. तिथे वायर तापते, गळती दिसत नाही आणि आग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावते. खोटं छत टाळा. टाळता येत नसेल तर पोकळीत अग्निरोधक आडपडदे आणि पाहणीची झाकणं ठेवा.

## टप्पा १०: दारं, खिडक्या, फरशी

हे काम शेवटी. आधी केलं तर परांचीखाली खराब होतं. खिडकीचा खालचा आडवा पट्टा कुजला म्हणून आख्खी खिडकी बदलू नका, सुतार तेवढाच तुकडा सागाचा जोडतो. बिजागऱ्या, कड्या आणि रंगीत काचा टप्पा २ च्या क्रमांकाने पिशव्यांत ठेवलेल्या असतील तर त्या परत आपापल्या जागी बसतात. मिंटन टाइल आम्लाने धुवायच्या नाहीत आणि त्यांवर पॉलिशचं यंत्र फिरवायचं नाही. गेलेल्या टाइलच्या जागी खोलीच्या कोपऱ्यातली काढून मधोमध लावा आणि कोपऱ्यात साधा तुकडा भरा.

## टप्पा ११: ताबा देताना

भाडेकरूच्या किंवा वापरकर्त्याच्या करारात ही कलमं हवीत: दर्शनी भिंतीत खिळा वा फलक नाही, प्रत्येक मजल्यावरच्या वजनाची मर्यादा आकड्यांत, नवी ओली जागा लेखी संमतीशिवाय नाही, रंग फक्त चुन्याचा. मजल्याच्या वजनमर्यादेची पाटी त्या मजल्यावरच लावा, कारण जड तिजोरी किंवा कागदांची कपाटं आणणारा हमाल करार वाचत नाही.

देखभालीचं वेळापत्रक सोपं आहे. एप्रिलमध्ये पन्हळी आणि पाइपा साफ, फुटकी कौलं बदललेली. पहिल्या मोठ्या पावसानंतर चोवीस तासांत माळ्यावर चढून टॉर्चने पाहणी. ऑगस्टमध्ये तुळयांच्या टोकांचा ओलावा मोजून आधीच्या आकड्यांशी ताडून पाहणे. ऑक्टोबरमध्ये भेगांच्या काचपट्ट्या आणि पिंपळाची रोपं. रोप नुसतं उपटलं तर मूळ भिंतीत राहून पुन्हा फुटतं. खोड कापून ताज्या कापावर तणनाशकाचा बोळा ठेवा, मूळ मेल्यावर दगड उचलून ते काढा आणि सांधा चुन्याने भरा. अग्निसुरक्षेचं सहामाही प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये. या सगळ्याचा खर्च मासिक देखभाल शुल्कात पहिल्या दिवसापासून धरा.